लाकडी फरशी बघायला कतारला

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर माती येते, कबुतरं येतात आणि पाहुण्यांच्या गाड्या येतात. खेळाडूही येतात, पण टिकत नाहीत.

मी नाशिकच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाची संचालक आहे. पद मोठं वाटतं. प्रत्यक्षात मी मुलींना बास्केटबॉल शिकवते, पंधरा ऑगस्टचं संचलन बसवते आणि एखाद्या कार्यक्रमात माइक बंद पडला तर शिट्टी मारून सभागृह शांत करते. माझा सगळा त्रास नदीपलीकडच्या कॉलेजमुळे सुरू झाला. त्यांनी नवा हॉल बांधला आणि त्यात लाकडी फरशी टाकली. चकचकीत, परदेशी मेपल लाकडाची. त्या दिवसापासून आमच्या उंच मुली नदी ओलांडायला लागल्या. उंच मुलगी म्हणजे आमच्या धंद्यात लग्नाच्या बाजारातला सरकारी नोकरीवाला मुलगा. सगळी स्थळं तिच्याच दारात. फी माफ, बूट फुकट, होस्टेल फुकट, आणि वर फरशी.

यंदा पाळी साक्षीची होती. साक्षी आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलींची कॅप्टन, बारावीला. रोज पिंपळगावहून एसटीनं यायची. पोरगी अशी की बॉल हातात आला की समोरच्या तिघी आपोआप बाजूला व्हायच्या. बारावीनंतर ती पलीकडे जाणार अशी कुजबुज डिसेंबरातच सुरू झाली होती. ती गेली असती तर तिच्यामागे आणखी चौघी गेल्या असत्या, आणि मुलींची टीम बंद करून तो वेळ मुलांच्या क्रिकेटला द्यायचा, ही आमच्या काही सभासदांची जुनी इच्छा आयतीच पुरी झाली असती.

हे मी संस्थेच्या सभेत सांगितलं. आमचे कार्याध्यक्ष भाऊसाहेब द्राक्ष बागायतदार आहेत. सत्तरी गाठली, पण आवाज अजून बांधावरचा. त्यांनी आयुष्यात बॉलला हात लावलेला नाही आणि खेळाचं नाव ते ‘बास्केट’ एवढंच घेतात.

“त्यांची फरशी कुठून आणली?”

“परदेशातून.”

“मग आपण परदेशात जाऊन बघू. त्यांच्याहून भारी टाकू.”

भाऊसाहेबांचा भाचा मकरंद दोह्यात इंजिनिअर. त्याची कंपनी क्रीडासंकुलांच्या आतली कामं करते. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून जवळजवळ चार वर्षं होती आणि भाऊसाहेबांच्या मते जगातलं सगळं खेळाचं सामान सध्या कतारातच येऊन पडलेलं होतं. तिकिटं त्यांनी स्वतःच्या खिशातून काढली, त्यामुळे सभेत कुणाला विरोध करायला जागा उरली नाही. जानेवारीत आम्ही निघालो. मी, भाऊसाहेब, आणि त्यांच्या मंडळींनी बांधून दिलेला फराळ. फराळाची बॅग आमच्या दोघांच्या बॅगांपेक्षा जड होती.

बिन महमूद

विमानतळावर मकरंदच्या कंपनीचा ड्रायव्हर बालाजी आला होता. उदगीरकडचा, हसरा आणि बोलका. मी मराठीत पत्ता सांगितला तसा तो खूश झाला.

“बिन महमूदला जायलाव ना? साहेबांच्या घरी? बसा. रस्ता सकाळी एका जागी होता, आता कुठं हाय बघू.”

मला वाटलं गंमत करतोय. पण तेव्हाचं दोहा खरंच तसं होतं. जिकडे बघावं तिकडे क्रेन, जाळ्या, खड्डे आणि लाल-पांढरे अडथळे. मेट्रोसाठी अर्धं गाव खणलेलं, उरलेलं स्टेडियमसाठी. बालाजी एका चौकात पोचला, तिथं चौकच नव्हता. मोबाइलवरची बाई उजवीकडे वळायला सांगत होती आणि उजवीकडे एक भला मोठा खड्डा होता. बालाजीनं तिला बंद केलं. “तिला काल काय झालं ते माहीत न्हाई,” तो म्हणाला.

भाऊसाहेब खिडकीला नाक लावून बसले होते. “एवढं सगळं फुटबॉलसाठी?”

“हां साहेब.”

“आणि ते संपल्यावर?”

“ते आपल्याला काय माहीत. आपण तवा उदगीरला असू. इन्शाल्ला.”

मकरंदचं घर बिन महमूदमध्ये, चौथ्या मजल्यावर. खाली लाँड्री आणि लेबनीज बेकरी, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोथरूडचं कुटुंब आणि वर डोंबिवलीचं. मकरंदची बायको गौरी शाळेत शिकवते. तिनं दारातच भाऊसाहेबांना वाकून नमस्कार केला, मला “या ताई” म्हणाली आणि आमच्या फराळाची बॅग उघडली. चकल्या निघाल्या, शेव निघाली, लाडू निघाले. मग अनारशांचा डबा निघाला आणि गौरीचा चेहरा पडला.

“मामा, ह्याला खसखस लावलीय?”

“मग. अनारसा आहे तो.”

“इकडे खसखस आणायला बंदी आहे. पकडलं असतं तर तुरुंग.”

भाऊसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या बायकोच्या अनारशांकडे संशयानं पाहिलं. मला विमानतळावरचा प्रसंग आठवला: बॅग मशीनमधून जात असताना भाऊसाहेब तिथल्या शिपायाला “फराळ, फराळ” असं हसून सांगत होते आणि त्यानंही हसून मान हलवली होती. आता डबा टाकायचा तरी कुठं? कचऱ्यात टाकला तर कचऱ्यातून कुणी काढला तर? मकरंदनं सुचवलं की संडासात टाकून फ्लश करू. भाऊसाहेब म्हणाले, “अन्न आहे ते.” शेवटी गौरीनं पडदे ओढले, चहा टाकला आणि आम्ही चौघांनी बसून अख्खा डबा संपवला. खसखशीनं गुंगी येते म्हणतात. आम्हाला फक्त अॅसिडिटी झाली.

शेवटचा अनारसा तोंडात होता तेवढ्यात इरा आली. मकरंद-गौरीची मुलगी, सतरा वर्षांची. दारातून आत येताना तिनं सवयीनं मान किंचित खाली घातली. खांद्यावर बॅग, हातात बास्केटबॉल. मी अनारसा तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. अंदाजानं पाच फूट अकरा. हात गुडघ्यापर्यंत. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भाऊसाहेबांकडे बघितलं. बाजारात चांगला बैल दिसल्यावर दोन शेतकरी एकमेकांकडे बघतात, तसं.

“बाळा, बारावीनंतर कुठं जाणार?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“नॉट शुअर, आजोबा. इंडिया, मेबी.”

इराला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र इंग्रजी. गौरी म्हणाली, “इंजिनिअरिंग करायचं म्हणतेय, पण बास्केटबॉल सुटणार नाही अशा ठिकाणीच.” आमच्या संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे, त्याच आवारात. भाऊसाहेबांनी खिशातून फोन काढला, त्यात आर्किटेक्टनं करून दिलेलं नव्या हॉलचं चित्र होतं. लाकडी फरशी, काचेचे बोर्ड, छताला टांगलेला चार तोंडांचा स्कोअरबोर्ड. प्रेक्षकांत बसलेली माणसं सगळी गोरी होती, कारण आर्किटेक्टकडे तीच तयार मिळतात.

“ये आपल्याकडे,” भाऊसाहेब म्हणाले. “तुझ्यासाठी फरशी टाकतो.”

इरानं चित्र मोठं करून, इकडे तिकडे सरकवून पाहिलं. “नाइस,” म्हणाली आणि जेवायला बसली.

अल मन्सूरा

ज्या हॉलची फरशी बघायची होती तो एका विद्यापीठाचा. मकरंदच्या कंपनीनं टप्प्याटप्प्यानं चालवलेलं तिथलं नूतनीकरण संपत आलं होतं, पण आत जायला पास लागतो. पास उद्या मिळणार होता. दुसऱ्या दिवशीही तो उद्याच मिळणार होता. “इन्शाल्ला” हा शब्द आपल्या सरकारी ऑफिसातल्या “बघू”चा मोठा भाऊ आहे, हे मला तिथं कळलं. फरक एवढाच की “इन्शाल्ला” म्हणणारा माणूस तुम्हाला चहा पाजतो.

म्हणून गौरीनं आम्हाला अल मन्सूरात नेलं. जुन्या बिल्डिंगी, खाली एकाला एक लागून भारतीय हॉटेलं आणि किराणा दुकानं. केरळी हॉटेलात आम्ही परोटा खाल्ला, भाऊसाहेबांनी भाजीबरोबर, मी माशाच्या आमटीबरोबर. मग रस्त्यावरच्या टपरीचा चहा. घट्ट, वेलदोड्याचा, साखरेनं ओठ चिकटवणारा. तिथं त्याला ‘करक’ म्हणतात. भाऊसाहेबांनी टपरीवाल्या मलयाळी पोराला सांगितलं, “कडक म्हण.” तो “करक” म्हणाला. “कडक.” “करक, साब.” तीन वेळा झालं. शेवटी भाऊसाहेबांनी हार मानली आणि दुसरा कप मागवला.

किराणा दुकानात मात्र ते हरले नाहीत. तिथं द्राक्षांची खोकी मांडलेली होती आणि खोक्यावर नाशिक लिहिलेलं. भाऊसाहेब थबकले. त्यांनी एक घड उचलला, उजेडात धरला, देठ वाकवून बघितला, एक मणी तोडून तोंडात टाकला. मग दुसऱ्या खोक्यातला. मग तिसऱ्या. दुकानाचा माणूस धावत आला.

“साब, ये खाने का नहीं है.”

“खाने का नहीं तो किसलिए है?” भाऊसाहेब म्हणाले. “ये कच्चा तोडा है. दस दिन रुकना चाहिए था. किसने भेजा?”

त्या माणसानं मालकाला बोलावलं. मालक कासरगोडचा, हिंदी मोडकी. अर्ध्या तासानं मी बघितलं तर दोघं स्टुलावर बसून द्राक्ष कसं साठवायचं यावर बोलत होते आणि नोकर त्यांना खजूर आणून देत होता. निघताना मालकानं भाऊसाहेबांचा नंबर घेतला. एवढ्या लांब येऊन मी अजून काही मिळवलेलं नव्हतं, ह्यांनी फुकट द्राक्षं खाऊन गिऱ्हाईक मिळवलं.

तिथंच, दुकानाच्या दारात उभी असताना, मला कॉलेजमधल्या आमच्या क्लार्कचा फोन आला. पलीकडच्या कॉलेजची मंडळी साक्षीच्या घरी जाऊन आली होती. पेढे घेऊन. तिच्या वडिलांनी होकार दिला होता. माझ्या हातातली द्राक्षांची पिशवी मी बालाजीच्या गाडीत कुठं ठेवली ते मला नंतर आठवेना. ती संध्याकाळी बालाजीला सापडली, सीटखाली.

भाऊसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग आपण फरशी त्यांच्यापेक्षा मोठी टाकू.”

शुक्रवारची मॅच

कतारात शुक्रवार म्हणजे आपला रविवार. त्या दिवशी इरा एका शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळायला जाते. तिथं फिलिपिनो बायकांची साखळी स्पर्धा असते. एका टीममध्ये हॉस्पिटलच्या नर्सेस, दुसरीत सलून आणि मॉलमध्ये काम करणाऱ्या. इरा नर्सेसकडून खेळते, कारण उंच आहे. बाकी सगळ्या माझ्या खांद्याएवढ्या.

आम्ही तिचा खेळ बघायला गेलो, पण रेफरीच आलेला नव्हता. नर्सेसची कॅप्टन मारिसेल कमरेवर हात ठेवून फोनवर कुणाला तरी झापत होती. शिट्टी माझ्या पर्समध्ये कायम असते, तशी बामची डबीही असते. इरानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि पुढच्या मिनिटाला मी पंजाबी ड्रेस आणि चालायच्या बुटांत कोर्टाच्या मध्यभागी होते.

मी खूप मॅचेस खेळवल्यात. अशी नाही. ह्या बायका आठवडाभर सलाइन लावतात, नखं रंगवतात, दुसऱ्यांची पोरं सांभाळतात, आणि शुक्रवारी सगळं वसूल करतात. एकीनं दुसरीला कोपर मारलं, मी शिट्टी दिली, तर जिला लागलं तीच मला म्हणाली, “इट्स ओके मॅम, शी इज माय रूममेट.” मी तरी फाउल दिला. त्यावर दोन्ही टीम माझ्यावर एकत्र चिडल्या. दुसऱ्या हाफमध्ये इरानं बोर्डखाली उडी मारून एक बॉल असा काढला की मी शिट्टी वाजवायची विसरले. नर्सेस हरल्या, तीन पॉइंटनी, आणि दोन्ही टीमनी मला मिठ्या मारल्या.

भाऊसाहेब नवरे मंडळींत बसले होते. त्यांना कुणीतरी केळं गुंडाळून तळलेला गोड पदार्थ दिला होता, तो ते तिसऱ्यांदा घेत होते. “ह्यांच्याकडे फरशी नाही,” ते मला म्हणाले. आवाजात जरा तक्रार होती.

मॅच संपल्यावर इरा शाळेच्या चेंजिंग रूममध्ये गेली आणि अंघोळ करून, कपडे बदलून आली. येताना बालाजीच्या गाडीत ती मागे माझ्याशेजारी बसली. जरा वेळानं म्हणाली, “आँटी, इन युअर कॉलेज, वेअर डू द गर्ल्स चेंज?”

मी सांगितलं. स्टोअररूममध्ये. तिथं गणपतीची मखरं असतात, एनएसएसची घमेली आणि फावडी असतात, मोडके बाक असतात. मुली एकीला दाराबाहेर उभी करतात आणि आळीपाळीनं बदलतात.

“अँड शॉवर?”

“घरी.”

“आणि किल्ली कोणाकडे असते?” हे मात्र तिनं मराठीत विचारलं.

“शिपायाकडे. तो साडेपाचला जातो.”

इरानं खिडकीबाहेर बघत अगदी सभ्यपणे सांगितलं की हॉलचं चित्र छान होतं. पुढच्या सीटवरून भाऊसाहेब म्हणाले, “काय विचारतेय पोरगी?” बालाजीच म्हणाला, “संडास-बाथरूमचं विचारायली, साहेब.”

चेंजिंग रूम मी मागितली नव्हती असं नाही. दरवर्षी मागायचे, दरवर्षी बजेटात तीच ओळ कापली जायची. मग मी फरशी मागायला लागले, कारण फरशीचं उद्घाटन करता येतं. न्हाणीघराची फीत कापायला कुठला मंत्री येणार?

घरी आल्यावर मी गच्चीवर गेले आणि साक्षीला फोन लावला. तिला वाटलं मी रागावणार. ती आधीच रडायच्या बेतात होती.

“रागावले नाही गं. एकच सांग. फरशीसाठी जातेस?”

“नाही मॅडम. फरशीवर काय, आपल्या सिमेंटवरही मी खेळते.”

“मग?”

“तिकडं बाथरूम आहे मॅडम. आतून कडी लागते. प्रॅक्टिस झाल्यावर घामेजलेली मी एसटीत बसतच नाही. दारापाशी उभी राहते पिंपळगावपर्यंत. शेजारच्याला वास यायला नको म्हणून. आई म्हणते, तिकडं धुऊन-बिऊन तरी घरी येशील.”

मी बरं म्हणाले. अभ्यास कर म्हणाले. फोन ठेवला आणि समोर बघत राहिले. समोर चार क्रेन होत्या, एका रांगेत.

रात्री जेवताना मी भाऊसाहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. “मॅडम, बाथरूम बघायला मी विमानानं आलो नाही,” ते म्हणाले. आमचं त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत बोलणं झालं नाही.

हॉल

पास रविवारी मिळाला. हॉल खरंच डोळे दिपवणारा होता. फरशी मधासारखी, वर दिवे, आणि बॉल टाकला की गुबगुबीत आवाज. मी बूट काढून चालून बघितलं. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी मला दुवा दिला.

तिथली व्यवस्थापक लीना, जॉर्डनची. स्वतः देशाकडून खेळलेली, आता केस पांढरे, चाल अजून खेळाडूची. तिनं आम्हाला फिरवलं आणि मला तिनं जे सांगितलं त्यानं मी चकितच झाले. त्यांचीही तीच रड होती. शेजारी दुसरं कॉलेज, तिथं नवं संकुल, आणि चांगल्या मुली तिकडे जायच्या. “आम्ही आधी फरशी बदलली,” लीना म्हणाली, “कुणी आलं नाही. मग मुलींसाठी वेगळं दार केलं, खिडक्यांना धुरकट काच लावली, मुलींच्या वेळेला पुरुष कर्मचारी बंद केले. मग आया स्वतः येऊन बघून गेल्या. आई एकदा हो म्हणाली की खलास, बापाचं काही चालत नाही.”

“आमच्याकडेही,” मी म्हणाले.

मकरंद भाऊसाहेबांना समजावत होता. “मामा, हे लाकूड बारा महिने एसीत राहतं. बंद केला तर फुगतं. नाशिकच्या पावसाळ्यात तुमच्या त्या हॉलमध्ये ह्याचा पापड होईल. आणि लाइट गेली की?” भाऊसाहेबांनी फरशीवर हात फिरवला, जसा ते पानांवर फिरवतात. मग म्हणाले, “हात धुऊन येतो.”

ते गेले ते आलेच नाहीत. आम्ही फरशी बघितली, बोर्ड बघितले, लीनाबरोबर कॉफी झाली. मकरंद शोधायला गेला आणि घाबऱ्या चेहऱ्यानं परत आला.

“मॅडम, मामा अंघोळ करतायत.”

पुरुषांच्या चेंजिंग रूममध्ये ते हात धुवायला गेले होते. तिथं शॉवर दिसला. नळ सोडला तर गरम पाणी. मग त्यांनी आत जाऊन कडी लावली. ती खोली अजून विद्यापीठाच्या ताब्यातही दिलेली नव्हती, सगळ्या नळांना प्लास्टिक गुंडाळलेलं. बाहेरून आम्हाला पाण्याचा आवाज आणि त्यावर खड्या आवाजात स्नानाचा श्लोक ऐकू येत होता. मकरंदनं दार वाजवलं. आतून उत्तर आलं, “थांब.” लीनानं विचारलं, काय चाललंय? मकरंद म्हणाला, टेस्टिंग. लीनानं मान डोलावली. तिला ते पटलं असं वाटलं नाही, पण हसू तिनं कपाच्या आड नेलं.

भाऊसाहेब बाहेर आले ते केस विंचरून, टोपी नीट बसवून, गाल लालबुंद. बाकावर टेकले आणि समोरच्या खुंट्यांकडे बघत बसले.

“मॅडम.”

“बोला.”

“घरी मी अंघोळीला गेलो की कुणी ना कुणी दार वाजवतंच. नातू वाजवतो, गडी वाजवतो. आज पहिल्यांदा असं वाटलं की घाई नाही.” मग माझ्याकडे वळून, “ती पोरगी एसटीत उभी राहते म्हणालात?”

“हो.”

“पिंपळगावपर्यंत?”

“हो.”

त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठले. मकरंदला म्हणाले, “ही खुंटी कुठं मिळते बघ. आणि ती कडी. फरशी राहू दे.”

स्कोअरबोर्डचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, “फळ्यावर लिहा. पोरांना गणित येत असेल तर कळेल.”

परत आल्यावर

सभेत व्हायचा तो गोंधळ झाला. एका सभासदानं विचारलं, परदेश दौऱ्यावर जाऊन शेवटी न्हाणीघर? भाऊसाहेबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की तुम्ही तुमच्या घरचं न्हाणीघर पाडून तिथं लाकडी फरशी टाका, मग बोलू. स्टोअररूममधली मखरं वरच्या मजल्यावर गेली. उन्हाळ्यात बांधकाम झालं. चार शॉवर, सोलरचं गरम पाणी, बाक, आरसा, आतून कडी, आणि किल्ली मुलींच्या कॅप्टनकडे. सिमेंटच्या कोर्टावर रंगीत सिंथेटिक थर आला, तेवढीच आमची फरशी.

इरा आली नाही. ती कॅनडात गेली. तिनं मला तिथल्या चेंजिंग रूमचा फोटो पाठवला, मी तिला आमचा पाठवला. तिनं उत्तरात उभा अंगठा पाठवला.

साक्षीही गेली. तिच्या वडिलांनी शब्द दिलेला होता आणि पिंपळगावात शब्द म्हणजे शब्द. दाखला न्यायला आली तेव्हा बांधकाम सुरू होतं. वाळूच्या ढिगाशेजारी उभी राहून तिनं खोलीत डोकावून बघितलं आणि निघाली. पण तिच्यामागे जाणाऱ्या चौघींपैकी तिघी राहिल्या. जूनमध्ये दोन नव्या आल्या, एक येवल्याची, एक सिन्नरची. त्यांच्या आयांनी कोर्टाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आत गेल्या, नळ सोडून बघितले, कडी लावून बघितली आणि बाहेर येऊन विचारलं, “फॉर्म कुठं भरायचा?”

हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आमच्याच कोर्टावर झाली. समोर पलीकडचं कॉलेज आणि त्यांच्याकडून साक्षी. आम्ही हरलो. तिनंच हरवलं. शेवटच्या मिनिटाला तिनं आमच्या दोन मुलींच्या मधून बॉल काढला तेव्हा मला एकाच वेळी रडू आलं आणि कौतुकही वाटलं, आणि मी दोन्ही आवरली.

बक्षीससमारंभ उरकला. आमच्या मुली अंघोळीला गेल्या. साक्षी तिच्या टीमची बस सोडून दारापाशी घुटमळत होती. मी म्हणाले, “जा आत.” ती गेली. मग तास झाला तरी कुणी बाहेर येईना. आतून पाण्याचा आवाज, कुणाच्या तरी नकला, सगळ्यांचं हसणं. हरलेल्या टीमचं असं हसणं मी ह्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

भाऊसाहेब बाहेर गाडीत बसले होते, मुलींसाठी आणलेले वडापाव मांडीवर घेऊन. वडे गार होत होते.

“पलीकडची पोरगी आत कशी?”

“मीच पाठवली.”

“मग विचारलं का तिला?”

“काय?”

“पुढच्या वर्षी परत येते का.”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

“बघते म्हणाली.”

भाऊसाहेबांनी वडापावचा कागद जरा उघडला, वास घेतला आणि पुन्हा बंद केला.

“मग तिला आणखी जरा वेळ बसू द्या,” ते म्हणाले आणि गाडीची सीट मागे करून डोळे मिटून पडले.